परिचर्या-विद्यालयाचा उंबरठा

ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, तेव्हा वैद्यक आणि अभियांत्रिकी या शाखांत प्रवेश मिळविणाऱ्यांची नावे प्रथम पुकारली जातात. परिचर्येच्या, म्हणजे बोलीभाषेतील नर्सिंगच्या, अभ्यासक्रमास प्रवेश मिळविणाऱ्या मुलीचे नाव बहुधा यादीच्या अखेरीस येते, आणि तोपर्यंत मंडपातील अर्धी मंडळी भोजनाच्या पंक्तीकडे वळलेली असतात. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या विद्येकरिता आपल्या मुली आज दोन-दोन वर्षे अभ्यास करून परीक्षा देतात, त्या विद्येचा इतिहास आपणांस ठाऊक नाही, एवढे मात्र त्यावरून दिसते. तो इतिहास थोडक्यात सांगावा, आणि त्यातून आजच्या पालकांनी काय घ्यावे याचा विचार करावा, या हेतूने हा लेख स्मरणिकेसाठी लिहीत आहोत.

परिचर्या-विद्यालयाच्या दारावर उभ्या राहणाऱ्या मुलीस प्रत्येक काळाने एक प्रश्न विचारला आहे. तो प्रश्न मात्र काळाप्रमाणे बदलत गेला. प्रथम विचारले गेले, "तुझे चारित्र्य कसे आहे?" पुढे विचारले गेले, "तू कोणाची कोण?" त्यानंतर, "तू किती शिकलीस?" आणि आज विचारले जाते, "तुला किती गुण मिळाले?" या चार प्रश्नांचा प्रवास म्हणजेच परिचर्या-प्रवेशाचा इतिहास होय.

आधुनिक परिचर्या-शिक्षणाचा प्रारंभ सामान्यतः इ. स. १८६० पासून मानतात. क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) जखमी सैनिकांची शुश्रूषा करून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या गौरवार्थ इंग्लंडमध्ये जो निधी जमला, तो चव्वेचाळीस हजार पौंडांहून अधिक होता. त्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० च्या जुलै महिन्यात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. या विद्यालयात प्रवेशासाठी आजच्यासारखी प्रश्नपत्रिका नव्हती. उमेदवार स्त्रीचे वय साधारणतः पंचवीस ते पस्तीस असावे आणि तिने सद्वर्तनाचा दाखला आणावा, या मुख्य अटी होत्या. हा आग्रह का, हे समजण्यास त्या काळचे चित्र डोळ्यांपुढे आणावे लागेल. चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या एका कादंबरीत सॅरी गॅम्प नावाची मद्यपी व निष्काळजी शुश्रूषिका रंगविली होती, आणि सामान्य वाचकास ती खरी वाटत होती. रुग्णालयातील शुश्रूषा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, अशीच विलायतेतही समजूत होती. स्वतः नाइटिंगेलबाईंनी १८४५ साली रुग्णालयात जाऊन हे काम शिकण्याची इच्छा प्रकट केली, तेव्हा त्यांच्या सधन कुटुंबाने ती मोडून काढली होती. पुढे १८५१ साली जर्मनीतील कायझरव्हर्थ येथे सुमारे तीन महिने राहून त्यांनी हे शिक्षण घेतले. घरच्यांचा विरोध हा काही केवळ आपल्याच समाजाचा विशेष नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

विद्यालयात घेतलेल्या स्त्रीची खरी परीक्षा प्रवेशानंतर सुरू होई. प्रत्येकीच्या नावे दरमहा एक तक्ता भरला जाई. त्यात वक्तशीरपणा, शांत वृत्ती, विश्वासूपणा, वैयक्तिक स्वच्छता व नीटनेटकेपणा, आणि कक्षातील व्यवस्था असे रकाने असत, आणि प्रत्येक रकान्यात उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे अथवा शून्य असा शेरा मारला जाई. पुढे १८८७ नंतर इंग्लंडमध्ये परिचारिकांची परीक्षा घेऊन त्यांची शासकीय नोंदणी करावी, अशी चळवळ सुरू झाली, तेव्हा नाइटिंगेलबाईंनी तिला विरोध केला. लेखी परीक्षेने स्मरणशक्ती मोजता येईल, परंतु रुग्णाच्या उशाशी लागणारी वृत्ती मोजता येणार नाही, असे त्यांचे म्हणण्याचे सार होते. त्या १९१० साली निवर्तल्या. न्यूझीलंडने १९०१ सालीच असा कायदा केला होता, आणि इंग्लंडमध्ये तो १९१९ साली झाला. परीक्षेचा पक्ष विजयी झाला खरा, पण बाईंनी उपस्थित केलेली शंका आजही निकालात निघालेली नाही. तिच्याकडे आपण पुढे वळू.

आता आपल्या देशाकडे येऊ. मुंबईस परिचर्येचे शिक्षण रुजले ते स्त्रियांच्या रुग्णालयाच्या आश्रयाने. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले. तेथील प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या शिक्षणाचा उपक्रम तेथेच आरंभिला. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८८५ साली, लेडी डफरिन यांच्या निधीची स्थापना झाली होती, आणि स्त्री-डॉक्टरांबरोबरच परिचारिका व सुईणी तयार करणे हाही त्या निधीचा उद्देश होता. १८८८ साली लष्करी रुग्णालयांकरिता दहा प्रशिक्षित परिचारिका विलायतेहून मुंबई बंदरात उतरल्या. दक्षिण महाराष्ट्रात मिरज येथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडले आणि १८९७ साली त्यास परिचारिकांचे विद्यालय जोडले. परिचर्येच्या इतिहासात १८९१ साली शिक्षणासाठी पुढे आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून आदराने घेतले जाते. ज्या काळी स्त्रीने घराबाहेर पाऊल टाकणे हेच धाडस होते, त्या काळी त्यांनी अनोळखी रुग्णांची सेवा पत्करली. हे नाव आपल्या प्रत्येक मुलीस ठाऊक असावयास हवे.

विद्यालये निघाली, परंतु विद्यार्थिनी कोठून आणावयाच्या? येथे दुसरा प्रश्न आडवा आला, तो जातीचा व कुळाचा. रुग्णाचे मलमूत्र काढणे, परपुरुषास स्पर्श करणे, रात्रौ घराबाहेर राहणे, परजातीच्या मनुष्यास अन्नपाणी देणे, या चारही गोष्टी सोवळ्या-ओवळ्याच्या समाजास असह्य होत्या. म्हणून पहिली कित्येक वर्षे या व्यवसायात युरोपियन, अँग्लो-इंडियन, पारशी व ख्रिस्ती स्त्रियाच प्रामुख्याने दिसत. हिंदू समाजातील थोरामोठ्यांच्या घरी दुखणे आले की परिचारिका हवी असे, पण आपल्या घरातील मुलगी परिचारिका झालेली चालत नसे. सेवा घ्यावयाची, पण सेविकेस कमी लेखावयाचे, हा न्याय कोणत्या धर्मशास्त्रात बसतो, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

विद्यालयाची पायरी न चढताही सेवेचा आदर्श घालून देणारी माणसे याच भूमीत झाली. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांच्या शुश्रूषेत गुंतल्या होत्या. त्यातच त्यांना त्या रोगाचा संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. शिक्षिका म्हणून आपण त्यांचे स्मरण नित्य करतो, तथापि त्यांच्या आयुष्याचे अखेरचे कार्य रुग्णसेवा हे होते, याची आठवण क्वचितच काढतो.

कुळाची ही भिंत महाराष्ट्रात ज्यांनी चिकाटीने पाडली, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी येते. मुंबईस १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या प्रयत्नाने सेवासदन निघाले. पुण्याचे सेवासदन १९०९ साली रमाबाई व गोपाळ कृष्ण देवधर यांनी उभारले. रमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला आणि त्यांचे शिक्षण त्यानंतर, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसून झाले. मोठ्या वयात पाटी हाती घेणाऱ्या स्त्रीचे मन त्या जाणत होत्या. म्हणून सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी आधी प्राथमिक वर्ग काढले गेले. पायाभूत शिक्षण झाल्यावर कोणी शिक्षिका होण्याच्या मार्गाला लागे, तर कोणी ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणास जाई. या विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र वसतिगृहाचीही सोय करण्यात आली. आमच्या मते महाराष्ट्रातील परिचर्या-प्रवेशाच्या तयारीचे हे पहिले पद्धतशीर उदाहरण होय. मुलगी दारापर्यंत येईल आणि मग आपण तिची परीक्षा घेऊ, असे रमाबाईंनी म्हटले नाही. दारापर्यंत येण्याची वाटच त्यांनी आधी बांधून दिली.

त्या काळचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. संस्थेच्या वार्षिक समारंभात केशवपन केलेली, आलवण नेसलेली एक विधवा पारितोषिक स्वीकारण्यास व्यासपीठावर आली. तेव्हा सज्जात बसलेल्या महाविद्यालयीन तरुणांनी आरडाओरडा करून तिची हुर्यो उडविली. समारोपाच्या वेळी रमाबाईंनी त्या तरुणांची भर सभेत कानउघाडणी केली. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी बहीण, आत्या, मावशी अथवा माताच नाही काय, असा त्यांचा सवाल होता. सभा निरुत्तर झाली. आजही आपल्यातील कोणी "आमच्या घरच्या मुली असली कामे करीत नाहीत" असे म्हणतो, तेव्हा हा सवाल त्यालाच केलेला आहे असे आम्ही समजतो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशातील परिचर्येची स्थिती किती दीन होती, हे भोर समितीने उघड केले. १९४३ साली नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी सुमारे सात हजार परिचारिका होत्या, म्हणजे दर त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. इंग्लंडात हेच प्रमाण सुमारे तीनशे लोकांमागे एक असे होते. परिचारिकांच्या राहण्याची व कामाची स्थितीही शोचनीय असल्याचे समितीने नमूद केले. ज्यांनी हा व्यवसाय हलका मानला, त्यांनी आपल्याच आजारी आप्तेष्टांना त्याची किंमत मोजावयास लावली, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

यानंतर तिसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे शालेय शिक्षणाचा, काळ आला. १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी-शिक्षण सुरू झाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद झाली आणि देशभरच्या अभ्यासक्रमास एकसारखे वळण लागू लागले. महाराष्ट्रात १९६४ साली पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात, तसेच मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात परिचर्या महाविद्यालये निघाली. १९६६ साली महाराष्ट्र परिचारिका अधिनियम झाला. १९९८ साली नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन पदवी महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. प्रवेशाची पात्रता हळूहळू उंचावत गेली. एके काळी मॅट्रिक झालेली मुलगी परिचारिका होऊ शके. आज तीन वर्षांच्या पदविकेसही बारावी उत्तीर्ण व्हावे लागते, आणि चार वर्षांच्या बी. एस्सी. पदवीस बारावीला पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात.

जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ झाले, तेव्हा चौथा प्रश्न आला, तो गुणांचा. महाराष्ट्रात बी. एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी आता राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे परीक्षा घेतली जाते. तिच्यात वरील चार विषयांबरोबर परिचर्येचा कल पाहणारे प्रश्नही असतात. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांच्या पदवी-अभ्यासक्रमाची परीक्षा स्वतंत्र आहे. लष्करी परिचर्या महाविद्यालयांसाठी नीट परीक्षेचे गुण पाहून पुढील निवड होते.

या परीक्षेविषयी आमचे मत स्पष्ट आहे. जुन्या प्रश्नांपेक्षा हा चौथा प्रश्न अधिक न्याय्य आहे. प्रश्नपत्रिका उमेदवाराचे कुळ विचारीत नाही, ती विवाहित की विधवा हे विचारीत नाही, कोणा प्रतिष्ठिताची शिफारसचिठ्ठीही मागत नाही. चारित्र्याच्या दाखल्याविषयी म्हणाल, तर शिक्षकाच्या पेशात असे दाखले आम्ही शेकड्यांनी लिहिले आहेत. "वर्तणूक चांगली" याखेरीज दुसरे काही त्यांवर कोणी लिहिलेले आम्ही पाहिले नाही. अशा कागदावरून कोणाची योग्यता ठरण्यापेक्षा तिने स्वतः सोडविलेल्या उत्तरपत्रिकेवरून ठरावी, हे केव्हाही बरे.

परंतु न्याय्य दारासही उंबरठा असतो, आणि तो सर्वांना सारखा उंच नसतो. शहरातील मुलगी शिकवणीस जाते, सराव-परीक्षा देते, वडील संगणकावर अर्ज भरतात. खेड्यातील मुलगी मराठी माध्यमातून दहावी होते, अकरावीस विज्ञानाचे इंग्रजी पुस्तक प्रथम हाती घेते आणि शेतातील कामे सांभाळून अभ्यास करते. अर्ज भरण्यासाठी तिला तालुक्याच्या गावी खेप घालावी लागते. दोघींना प्रश्न तेच आणि वेळही तितकाच. रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी जी वाट बांधली, तिची गरज संपलेली नाही, एवढाच याचा अर्थ.

म्हणून पालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी येथे नमूद करतो. पहिली गोष्ट, तयारी बारावीच्या परीक्षेनंतर सुरू करू नये. अकरावीच्या पहिल्या दिवसापासून पाठ्यपुस्तक हाच मुख्य ग्रंथ मानावा, कारण प्रश्नांचा पाया तेथेच असतो. जीवशास्त्रात मानवी शरीराची रचना व कार्ये, रसायनात मूलभूत संकल्पना, पदार्थविज्ञानात सूत्रे व त्यांचा उपयोग यांवर भर द्यावा. मराठी माध्यमातील मुलीने रोज दहा-बारा शास्त्रीय इंग्रजी शब्द अर्थासह वहीत लिहावेत. दोन वर्षांत तिची भीती पार नाहीशी होते, असा आमचा शिकविण्यातील अनुभव आहे. शेवटच्या तीन-चार महिन्यांत घड्याळ लावून मागील प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. काही परीक्षांत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होतात, काहींत होत नाहीत. म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका मुलीने व पालकांनीही अक्षर न् अक्षर वाचावी. नियम बदलत असतात, शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आपल्यापैकी ज्या कुटुंबांना आरक्षणाचा लाभ लागू आहे, त्यांनी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि जेथे आवश्यक असेल तेथे नॉन-क्रीमी लेयरचा दाखला, ही कामे मुलगी अकरावीत असतानाच हाती घ्यावीत. वैधतेसाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचे अथवा महसुलाचे जुने पुरावे शोधावे लागतात आणि त्यात महिने जातात. मुलीने रात्र रात्र जागून गुण मिळवावेत आणि वडिलांच्या चालढकलीमुळे तिची जागा जावी, याहून दुःखद गोष्ट नाही. ज्ञातिसंस्थेच्या कार्यालयात जुन्या कुटुंबांच्या नोंदी असतात. वडीलधाऱ्यांनी त्या उजेडात आणून तरुण पालकांच्या हाती द्याव्यात. हे काम विवाह-मेळाव्याइतकेच महत्त्वाचे आहे.

तिसरी गोष्ट नाइटिंगेलबाईंच्या शंकेची. परीक्षा वृत्ती मोजत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. कल पाहणारे चार प्रश्न विचारले म्हणून ती मोजली जाईल, असेही नाही. मग वृत्तीची तयारी कोठे व्हावी? ती घरातच व्हावयास हवी. आजीचे औषध वेळेवर देणे, आजारी माणसाचे अंथरूण न कंटाळता बदलणे, ताप पाहून वहीत टिपणे, रुग्णाच्या चिडचिडीस शांतपणे उत्तर देणे, ही कामे मुलीला आणि तितकीच मुलालाही शिकवावीत. परिचर्येचे शिक्षण आता मुलगेही घेतात, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आणि जिला हे काम मनापासून आवडत नाही, तिला केवळ नोकरीच्या अथवा परदेशगमनाच्या आशेने या मार्गास लोटू नये. लष्करी सेवेत, सरकारी रुग्णालयात, आखाती देशांत व युरोपात परिचारिकांना मागणी आहे, हे खरे. परंतु रात्रीच्या तीन वाजता घंटी वाजल्यावर उठून उभे राहण्याचे बळ पगाराच्या आकड्यातून येत नाही.

२०२० हे वर्ष नाइटिंगेल यांच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून आधीच घोषित केले होते. त्याच वर्षी करोनाची साथ जगभर पसरली. ज्या खोल्यांत रक्ताच्या नातलगांना प्रवेश नव्हता, तेथे परिचारिका होत्या. आपल्यातील किती कुटुंबांनी आपल्या माणसाचा अखेरचा निरोप एखाद्या अनोळखी परिचारिकेच्या तोंडून ऐकला असेल! तिची जात, तिचे गाव त्या वेळी कोणी विचारले नाही.

तेव्हा आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र सूचना अशी आहे. संस्थेच्या शिक्षणनिधीतून दरवर्षी काही रक्कम परिचर्या-प्रवेशाची तयारी करणाऱ्या होतकरू मुला-मुलींकरिता वेगळी ठेवावी. त्यातून अर्जाचे शुल्क, पुस्तके व परीक्षेच्या गावी जाण्याचा खर्च भागवावा. शहरात राहणाऱ्या सभासदांनी परीक्षेच्या दिवसांत खेड्यातून येणाऱ्या मुलीस दोन रात्री आपल्या घरी आसरा द्यावा. आपल्या ज्ञातीत ज्या भगिनी आज रुग्णालयांत सेवा करीत आहेत, त्यांनी सुटीच्या दिवशी या मुलींस चार शब्द सांगावेत, आणि संस्थेने त्यांना त्यासाठी सन्मानाने बोलवावे. यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठे भांडवल लागत नाही.

परीक्षा मुलीलाच द्यावयाची आहे, ती तिच्या वतीने कोणी देऊ शकत नाही. तिला त्या दारापर्यंत निर्भयपणे आणि ताठ मानेने नेऊन पोहोचविणे हे मात्र आपणा सर्वांचे काम आहे. या वर्षी जी मुले-मुली या परीक्षेस बसत आहेत, त्यांना आमचा मनःपूर्वक आशीर्वाद.